कराची किती लांब?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या चाचणीत मी सहावीच्या मुलांना एक गणित घातले होते. गणित अगदी साधे. कराची ते मुंबई हे हवाई अंतर ८७५ किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ७०० किलोमीटर असेल तर प्रवासास किती वेळ लागेल? पाठ्यपुस्तकात मुंबई-नागपूर किंवा पुणे-दिल्ली असते. पण मी शिकवतो उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये. इथल्या निम्म्या घरांतली म्हातारी माणसे कराचीचे नाव झोपेत घेतात. तेव्हा गणितात तरी त्यांच्या गावाला जागा द्यावी, एवढाच माझा हेतू.

बहुतेकांनी 'सव्वा तास' असे बरोबर उत्तर लिहिले. काहींनी नेहमीप्रमाणे गुणाकार करून विमान चंद्रावर पोचवले. एका मुलाने मात्र लिहिले, "साडेतीन तास आणि एकोणीस दिवस." मी लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारली, आणि शेजारी 'हे कुठून आणलेस?' असा शेराही दिला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा टेबलाजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या अमांनी तुम्हाला घरी बोलावलंय. त्या म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे."

अमां म्हणजे त्याची पणजी. वय ऐंशीच्या पुढे पाच-सहा वर्षे गेलेले. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या घरून बोलावणे आले की पोटात थोडे गोळा आल्यासारखे होतेच; त्यातून पणजीचे बोलावणे! पण गेलो. त्या संध्याकाळी जे ऐकले, आणि त्यानंतर वर्षभर सवडीने जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून कोणी इतिहासकार होत नाही, हे मी जाणतो. पण गणित मीच घातले होते, तेव्हा ते पुरे सोडवण्याची जबाबदारीही माझीच.

प्रथम अंतराचे पाहू. कराची आणि मुंबई ही एकाच समुद्राच्या काठावरची दोन बंदरे. सरळ रेषेत मोजले तर पावणेनऊशे किलोमीटर, म्हणजे सुमारे साडेपाचशे मैल. समुद्रमार्गाने काठेवाडला वळसा घालून जरा जास्त. रेल्वेने मात्र ही जवळीक पार हरवून जाते. मध्ये कच्छचे रण पसरले आहे, त्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्याने रूळ गेले नाहीत. कराचीहून सिंधमधल्या हैदराबादला यायचे, तिथून थरची वाळू तुडवीत मारवाडात, मग खाली अहमदाबाद आणि तिथून मुंबई. म्हणूनच त्या काळी पुष्कळ लोक आगबोटीने जाणे पसंत करीत. दोन रात्री डेकवर काढल्या की मुंबई.

आणि हे जाणे-येणे परदेशचे नव्हते. १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या पोराने मॅट्रिक द्यायची ती मुंबई विद्यापीठाची. आपल्याकडची माणसे नोकरीनिमित्त तिकडे जात. त्यांपैकी एकाचे नाव आम्हा शिक्षकांनी तरी विसरू नये. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधचे शिक्षणखात्यातले अधिकारी. सिंधी व्यापारी ज्या लिपीत वह्या लिहीत, ती लिपी नीट बांधून शाळेत शिकवण्याजोगी करण्याचे काम एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे आले. १८५५ साली कराचीत सुरू झालेल्या सरकारी शाळेला त्यांचेच नाव मिळाले, आणि ते आजही तसेच आहे. कराचीत अजून काही मराठी कुटुंबे राहतात, तिथे गणपतीही बसतो. तात्पर्य, मुंबई आणि कराची या एका घरातल्या दोन खोल्यांसारख्या होत्या. मधले दार उघडेच असे.

आता वेळेचे पाहू, आणि इथे विमान येते.

१९२० च्या सुरुवातीला लष्कराच्या विमानांनी मुंबई-कराची अशी टपाल नेण्याचा प्रयोग काही आठवडे केला आणि सोडून दिला. पुढे १९२९ साली लंडनहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेजची हवाई डाक सुरू झाली. त्या काळी कराची हेच हिंदुस्थानचे हवाई महाद्वार होते. इंग्रज सरकारने तर तिथे ड्रिघ रोडला एका प्रचंड हवाई जहाजासाठी डोंगराएवढी शेड उभारली होती. आर १०१ हे त्या जहाजाचे नाव. ते इंग्लंडहून कराचीस निघाले आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळाले. ४८ माणसे गेली. कराचीची ती शेड पाहुण्याची वाट पाहत तशीच रिकामी राहिली, आणि पुढे कित्येक वर्षांनी मोडण्यात आली.

प्रश्न असा होता की, लंडनची पत्रे हवेतून कराचीपर्यंत तर आली, पुढे काय? पुढे ती आगगाडीत बसत आणि हवेत मिळवलेले दिवस वाळवंटात घालवीत. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत टपाल विमानाने नेण्याची योजना मांडली आणि ती तरुण जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना पटली. भारतात दिले गेलेले वैमानिकाचे पहिले प्रमाणपत्र १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनाच मिळाले होते. वडीलधारे सर दोराबजी टाटा सुरुवातीला राजी नव्हते. पीटरसन या अनुभवी सहकाऱ्याने त्यांची समजूत घातली. भांडवल दोन लाख रुपये. विमाने दोन, पस मॉथ जातीची, एका इंजिनाची. दोराबजी १९३२ च्या जूनमध्ये वारले. ते पहिले उड्डाण पाहण्यास राहिले नाहीत.

१५ ऑक्टोबर १९३२, शनिवार. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ड्रिघ रोडच्या मैदानावरून २८ वर्षांचे टाटा एकटेच उडाले. बरोबर टपालाचे ५५ पौंड वजन, म्हणजे पंचवीस किलो. आपल्याकडे वाण्याच्या दुकानातून तांदळाचे एक पोते येते तेवढे! विमानात रेडिओ नाही, वाट दाखवणारे कोणी नाही. खाली रणाचा पांढरा पसारा. दुपारपूर्वी ते अहमदाबादेस उतरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. ते टाकीत ओतून विमान पुन्हा उडाले आणि १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या चिखलमातीच्या मैदानावर टेकले. तिथून व्हिन्सेंटने टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले.

मास्तर माणूस हिशेब केल्याशिवाय कसा राहील? कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४०, एकूण १,०३०. पस मॉथचा वेग ताशी साधारण १६० किलोमीटर धरला तर हवेतला वेळ सव्वासहा-साडेसहा तास. एकूण लागले सव्वासात. म्हणजे बैलगाडी, पेट्रोल आणि टपाल मिळून अहमदाबादेत पाऊण-एक तास गेला असावा. गणित जमते.

जुहूचे मैदान पावसाळ्यात समुद्राच्या पाण्याखाली जाई, तेव्हा हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. तरीही १९३३ या पहिल्या पुऱ्या वर्षात या विमानांनी १,६०,००० मैल उड्डाण केले, १५५ उतारू आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल नेले. याच कंपनीची १९४६ साली एअर इंडिया झाली, आणि १९५३ साली ती सरकारकडे गेली. खुद्द टाटांनी वयाच्या ७८ व्या वर्षी, १९८२ च्या १५ ऑक्टोबरला, पन्नास वर्षे झाली म्हणून जुन्या लेपर्ड मॉथ विमानात बसून तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला. तोवर मधले दार बंद होऊन पस्तीस वर्षे लोटली होती.

ते दार बंद झाल्याचीच गोष्ट अमांनी मला सांगितली.

मी गेलो तेव्हा त्या बराकीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता त्याला बराक म्हणायचे ते जुन्या सवयीने. वर दोन मजले चढले आहेत, खाली दुकान आहे. पण दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती आणि हे सारे सैनिकांसाठी बांधलेले होते. फाळणीनंतर त्याच रिकाम्या बराकींत सिंधहून आलेल्या शरणार्थींना उतरवले. एक लाखाच्या आसपास माणसे! दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाट. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी इथे आले, त्यांनी कोनशिला बसवली, आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. कागदावर नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी 'कॅम्प' हा शब्द आजतागायत टिकला आहे.

"मास्तर साईं, बसा," अमां म्हणाल्या. त्यांची भाषा म्हणजे सिंधी, हिंदी आणि मराठी यांची भेळ. मी ती माझ्या मराठीत सांगतो. "तुम्ही पोराचे मार्क का कापलेत?"

मी म्हटले, "अमां, ८७५ भागिले ७०० केले की सव्वा तास येतो."

"तुमच्या विमानाला येत असेल. माझ्या बाबांच्या विमानाला साडेतीन तास लागले. आणि विमानातून उतरल्यावर आमच्यापर्यंत यायला एकोणीस दिवस."

१९४८ च्या जानेवारीत, ६ तारखेला, कराचीत दंगल झाली. तोवर थांबू थांबू म्हणणारे हिंदूही मग निघाले. अमां तेव्हा नऊ वर्षांच्या. वडिलांचे कापडाचे दुकान होते. उधारी वसूल व्हायची होती, वह्या मिटायच्या होत्या. त्यांनी बायकोला आणि तीन मुलांना आगबोटीत बसवले आणि सांगितले, "मी विमानाने येतो. तुमची बोट दोन रात्री घेईल, माझे विमान साडेतीन तास. तुमच्याआधी पोचून बंदरावर उभा राहीन." त्या काळी दोन इंजिनांची डकोटा विमाने असत, ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे त्यांचा वेग. साडेतीन तासांचा हिशेब अगदी बरोबर होता.

"आणि बाबा खोटे बोलले नाहीत," अमां म्हणाल्या. "आमच्याआधी एक दिवस ते मुंबईत पोचले. बंदरावर उभेही राहिले. पण आम्हांला दुसऱ्याच फाटकातून बाहेर काढले आणि तसेच गाडीत घातले. कुठे नेताहेत ते कोणी सांगितले नाही. आई विचारायची, तर शिपाई म्हणायचा, 'कॅम्प'. कॅम्प म्हणजे कुठला? त्यालाही ठाऊक नव्हते."

वडील बंदरावर दोन दिवस बोटी मोजत राहिले. मग शोध सुरू झाला. कोळीवाडा, चेंबूर, मुलुंड, जिथे म्हणून सिंधी माणसे उतरवली होती तिथे ते गेले. कोणी सांगितले देवळालीला पाहा. तिथेही जाऊन आले. याद्या होत्या, पण एका यादीत नाव निराळे, दुसऱ्यात गाव निराळे. लिहिणाऱ्याला सिंधी येत नव्हते आणि सांगणाऱ्याला मराठी. त्या कारकुनांना तरी काय बोल लावावा? रोज बोटी येत होत्या. शेवटी एकोणिसाव्या दिवशी सकाळी नऊ वर्षांची ती मुलगी नळावर डबा घेऊन रांगेत उभी असताना तिला समोरून एक धुळीने भरलेला माणूस येताना दिसला.

"मी पळत गेले नाही," अमां म्हणाल्या. "मला वाटले, बाबा रागावतील. त्यांनी बंदरावर थांबायला सांगितले होते आणि आम्ही थांबलो नाही. मी डबा घेऊन तिथेच उभी राहिले. ते जवळ आले, त्यांनी माझा डबा हातात घेतला आणि रांगेत माझ्या जागी उभे राहिले. पाणी भरून झाल्यावरच आम्ही आईकडे गेलो."

काही वेळ कोणीच बोलले नाही. मग मला एकदम जाणवले की, मी मनातल्या मनात भागाकार करतो आहे. मुंबई बंदर ते कल्याण कॅम्प, फार तर ५८-६० किलोमीटर. एकोणीस दिवस. म्हणजे दिवसाला तीन किलोमीटर. आणि त्याआधीचे पावणेनऊशे किलोमीटर साडेतीन तासांत. विमानाने काळ जिंकला असे आम्ही वर्गात मोठ्या आवाजात शिकवतो. पण उतरल्यावर आपले माणूस कुठे आहे हे सांगणारा कोणी नसेल, तर जिंकलेला काळ असा शेवटच्या टप्प्यावर परत द्यावा लागतो. टाटांचे टपाल बरे, त्याच्यावर पत्ता तरी लिहिलेला होता! अमांच्या कुटुंबावर तो नव्हता.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. फाळणीनंतरही कराची-मुंबई विमाने चालत, अगदी बंद पडत पडत. १९६५ च्या युद्धात बंद पडली. १९७१ मध्ये पुन्हा बंद, ती १९७६ पर्यंत. २००२ च्या आरंभी बंद, २००४ मध्ये पुन्हा सुरू. राजस्थानातून मुनाबाव-खोखरापारमार्गे जाणारी रेल्वे १९६५ मध्ये तुटली, ती २००६ साली थार एक्स्प्रेस म्हणून जोडली गेली आणि २०१९ साली पुन्हा थांबली. कराचीतली आपली वकिलात १९९४ च्या अखेरीस बंद झाली. पाकिस्तानच्या विमान कंपनीने आपले कराची-मुंबई उड्डाण २०१७ साली थांबवले. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले.

सरळ विमान होते तेव्हा प्रवास दीड-पावणेदोन तासांचा होता. उड्डाण, चढण आणि उतरण धरून सव्वा तासाचे तेवढे होतात, म्हणजे माझे गणितही तसे अपुरेच होते. शिवाय कराचीचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. मुंबईहून दहाला निघालेला माणूस तिथल्या घड्याळाप्रमाणे अकराच्या सुमारास पोचावा! आमच्या शहाड स्टेशनावरून लोकलने बोरीबंदरला जायला जवळजवळ दीड तास लागतो. म्हणजे कॅम्प एकमधला माणूस सकाळी ज्या वेळात कचेरी गाठतो, त्या वेळात विमान कराची गाठत होते. आता सरळ विमान नसल्यावर दुबईचा वळसा घ्यायचा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे १,१९०, बेरीज ३,१२०. सरळ वाटेच्या साडेतीन पट. पुन्हा साडेतीनच! आणि हे सारे परवाना मिळाला तर. परवान्याला किती दिवस, ते कुठल्याच गणितात बसत नाही.

मी हे अमांना सांगितले, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "मला कराचीला जायचे नाही, मास्तर साईं. तिथे आता माझे कोणी नाही. बाबा इथे गेले, आई इथे गेली, माझा नवरा इथेच. मला एवढेच वाटते की, पोराने विचारले 'कराची किती लांब', तर त्याला खरे उत्तर मिळावे."

निघताना त्यांनी मला थांबवले. दिवाळी चार दिवसांवर होती. आतल्या फळीवर मातीची हटरी आणून ठेवली होती. सिंधी घरांत दिवाळीला हे मातीचे छोटे दुकान पूजतात. त्यात खेळणीभर धान्य आणि मिठाई मांडतात. "बाबा दर दिवाळीला हटरी मांडत," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवाळीला बाजारात हटरी मिळाली नाही. मग त्यांनी नदीवरून माती आणली आणि स्वतः केली. वाकडी झाली होती. पण दुकान सुरू झाले."

खरोखरीच त्यानंतर त्यांनी रस्त्याच्या कडेला कापडाचे तुकडे मांडून विकायला सुरुवात केली. आज ज्या उल्हासनगरच्या बाजारात लांबलांबून लोक लग्नाचे कापड घ्यायला येतात, त्या बाजाराची सुरुवात अशाच फळीफळीवरच्या दुकानांतून झाली.

घरी आल्यावर मी त्या मुलाचा पेपर बाहेर काढला. नियमाप्रमाणे पाहिले तर त्याचे उत्तर चूकच होते. मी वेग ताशी ७०० दिला होता, डकोटाचा नव्हे. गणिताच्या शिक्षकाने भावनेच्या भरात गुण वाटू लागले तर मुलांचे नुकसान होते, हे माझे मत अजूनही कायम आहे. म्हणून फुली मी खोडली नाही. पण 'हे कुठून आणलेस?' हा शेरा मात्र खोडला, आणि त्याखाली लिहिले, "गणितात सव्वा तास. इतिहासात तुझे उत्तर बरोबर. पैकीच्या पैकी."

दुसऱ्या दिवशी त्याने तो पेपर घरी नेऊन अमांना दाखवला. अमांचा निरोप आला, "आता ठीक आहे." बरोबर स्टीलच्या डब्यात दाल-पकवान होते.

यंदाच्या चाचणीतही मी तेच गणित घातले आहे. फक्त शेवटी एक ओळ वाढवली आहे: 'घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ते या गावी कुठून आणि किती वेळात आले ते लिहा.' उत्तरे अजून तपासायची आहेत. काही मुले सिंधमधली गावे लिहितील, काही साताऱ्याची, काही जळगावची, काही उत्तरेकडची. सुट्टीत तो गठ्ठा घेऊन बसणार आहे. लाल पेन्सिल या वेळी जरा जपून वापरीन म्हणतो.